धावते समालोचन : श्राव्य क्रीडानुभवाची भाषा आणि तिचा श्रोता

प्रस्तावना

कीर्तन, पोवाडा, भारूड, वक्तृत्व आणि नभोनाट्य या उच्चारित शब्दावर उभ्या असलेल्या प्रकारांचा विचार मराठी समीक्षेने वेळोवेळी केला आहे. आकाशवाणीवरील खेळांचे धावते समालोचन मात्र या विचाराच्या कक्षेबाहेरच राहिले. ते पत्रकारितेचे, करमणुकीचे किंवा फार तर स्मरणरंजनाचे क्षेत्र मानले गेले. वास्तविक पाहता, डोळ्यांसमोर नसलेला खेळ केवळ शब्द आणि नाद यांच्या आधारे श्रोत्याच्या मनात उभा करणे ही भाषेची एक अवघड कसोटी आहे. ज्या कसोटीत एकही वाक्य पुन्हा लिहिण्याची सवड मिळत नाही, तिचा भाषिक व सौंदर्यशास्त्रीय विचार होणे आवश्यक ठरते.

या प्रकाराविषयी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. ज्यांना मैदानावर जाता येत नसे व ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी नव्हती, त्यांनी नाइलाजाने स्वीकारलेला पर्याय म्हणजे रेडिओ, अशी ही समजूत होय. ती मान्य केली तर चित्र उपलब्ध होताच श्रवणाचे प्रयोजन संपते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी केली आहे. ऐकलेला खेळ ही पाहिलेल्या खेळाची दुय्यम प्रत नसून तो स्वतंत्र अनुभव आहे, आणि न पाहणाऱ्या श्रोत्याला केंद्रस्थानी ठेवले तरच तो अनुभव आकाराला येतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

संजयाचे उदाहरण आणि त्याची मर्यादा

समालोचनाचा विषय निघाला की संजय व धृतराष्ट्र यांचे उदाहरण हमखास दिले जाते. अंध राजाला रणभूमीचे वर्णन ऐकविणारा संजय हा आद्य समालोचक, असे म्हटले जाते. हे साम्य आकर्षक असले तरी महाभारताचा पाठ ते पूर्णपणे स्वीकारू देत नाही. भीष्मपर्वात संजय रणभूमीवरून परततो आणि भीष्म पडल्याचे वृत्त प्रथम सांगतो. त्यानंतर धृतराष्ट्राच्या प्रश्नांना उत्तरे देत तो युद्धाचा वृत्तांत आरंभापासून कथन करतो. म्हणजे श्रोत्याला शेवट आधी कळतो आणि घटनाक्रम मागाहून. त्यातील रस 'पुढे काय होणार' या उत्कंठेचा नसून 'हे कसे घडले' या शोकाकुल जिज्ञासेचा आहे. धावत्या समालोचनात स्थिती उलट असते. तेथे सांगणाऱ्यालाही पुढच्या क्षणाची माहिती नसते. निवेदक आणि श्रोता यांचे अज्ञान समान असते आणि त्या समान अज्ञानातूनच उत्कंठा निर्माण होते.

या कथेतील दुसरा तपशील अधिक उपयुक्त आहे. व्यास धृतराष्ट्राला दृष्टी देऊ करतात. तो ती नाकारतो आणि युद्ध ऐकण्याची इच्छा व्यक्त करतो. आप्तांचा संहार पाहणे त्याला नको असते. त्याच्या नकारामागील कारण बाजूला ठेवले तरी एक गोष्ट स्पष्ट होते. ऐकणे ही येथे लाचारी नाही, ती निवड आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले, तेव्हाही श्रव्याला दृश्याची अपुरी आवृत्ती मानले नव्हते. क्रीडानुभवाच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटलेला दिसतो.

अदृश्य मैदानाचा आराखडा

धावत्या समालोचनाच्या इतिहासात दृष्टिहीन श्रोत्याला आरंभापासूनच स्थान आहे. बीबीसीने १५ जानेवारी १९२७ रोजी ट्विकनहॅम येथील इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचे धावते वर्णन प्रक्षेपित केले. समालोचक होते टेडी वेकलम. त्यांना या कामाचा पूर्वानुभव नव्हता. निर्माते लान्स सिव्हकिंग यांनी सेंट डन्स्टन्स या युद्धात दृष्टी गमावलेल्यांसाठीच्या संस्थेतील एका दृष्टिहीन गृहस्थाला त्यांच्याजवळ बसविले आणि या गृहस्थाला सांगत आहोत अशा रीतीने खेळ सांगावा, अशी योजना केली. त्याच सुमारास 'रेडिओ टाइम्स' या नियतकालिकात मैदानाचा क्रमांकित चौकोनांत विभागलेला आराखडा छापला जाई. चेंडू ज्या चौकोनात असेल त्याचा क्रमांक दुसरा निवेदक मधूनमधून उच्चारीत असे आणि श्रोता आराखड्यावर नजर ठेवून खेळाचा मागोवा घेत असे.

या दोन युक्त्यांमध्ये श्राव्य क्रीडानुभवाचे व्याकरण बीजरूपाने आहे. पहिली युक्ती श्रोता निश्चित करते. समोरच्या माणसाला काहीही दिसत नाही, हे गृहीत धरूनच बोलायचे. दुसरी युक्ती अवकाश निश्चित करते. चेंडू कोठे आहे हे सांगितल्याशिवाय तेथे काय झाले, याला अर्थ प्राप्त होत नाही. आराखडा छापण्याची प्रथा कालांतराने मागे पडली; पण तिचे कार्य भाषेने स्वतःकडे घेतले. क्रिकेटच्या संदर्भात हे विशेष स्पष्ट दिसते. स्लिप, गली, पॉइंट, कव्हर, मिडऑफ, मिडऑन, स्क्वेअर लेग ही क्षेत्ररक्षणाची नावे म्हणजे श्रोत्याच्या मनातील क्रमांकित चौकोनच होत. 'कव्हर आणि पॉइंटच्या मधून' एवढे ऐकताच सरावलेल्या श्रोत्याच्या मनात फटक्याची दिशा, फलंदाजाच्या पायांची हालचाल आणि चेंडूचा टप्पा या तिन्ही गोष्टींचा अंदाज उभा राहतो. ही साक्षरता रेडिओनेच घडविली.

मराठी समालोचनाची घडण

भारतात १९३० च्या दशकात मुंबईतील चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामन्यांच्या निमित्ताने ए. एफ. एस. तल्यारखान यांचा आवाज घरोघरी पोचला. ते इंग्रजीत आणि एकहाती समालोचन करीत. दिवसभर ध्वनिक्षेपकासमोर एकटेच बोलत राहण्याची त्यांची पद्धत म्हणजे एकपात्री प्रयोगच होता. या परंपरेशेजारी पुढे आकाशवाणीवर प्रादेशिक भाषांतील समालोचन उभे राहिले. मराठीत बाळ ज. पंडित यांचे नाव या संदर्भात अग्रक्रमाने घ्यावे लागते. महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेल्या पंडितांनी क्रिकेटचे तांत्रिक ज्ञान आणि घरगुती वळणाची मराठी यांचा मेळ घातला. २०१५ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले.

क्रिकेटची मराठी परिभाषा पाहिली तर तिच्यातील सांस्कृतिक थर लक्षात येतात. 'गोलंदाज' हा शब्द मूळचा तोफखान्यातला. मराठ्यांच्या फौजेत तोफ डागणाऱ्यास गोलंदाज म्हणत. त्याच्या धर्तीवर 'फलंदाज' आला. 'पायचीत', 'धावचीत', 'यष्टिचीत' या शब्दांतील 'चीत' कुस्तीच्या आखाड्यातून आला आहे. पाठ मातीला लागलेला मल्ल आणि बाद झालेला फलंदाज एकाच शब्दाने सांगितले गेले. तीन यष्ट्या उधळल्या की 'त्रिफळा उडाला', या प्रयोगात वैद्याच्या बटव्यातील शब्द खेळपट्टीवर आला. ही परिभाषा कोशात शोभणारी नसून उच्चारण्याजोगी आहे. 'पायचीत' हा शब्द मूळ इंग्रजी नावापेक्षा कितीतरी आटोपशीर आहे, आणि वेळ कमी असलेल्या समालोचकाला हे आटोपशीरपण मोलाचे वाटणे स्वाभाविक होते.

येथे एक विशेष नोंदविला पाहिजे. मराठीने खेळातील कृती आणि निर्णय यांना आपली नावे दिली. परंतु मैदानावरील जागांची नावे बहुतांशी इंग्रजीच ठेवली. यामागे भाषिक आळस नसून व्यवहार आहे. कृतीला भावनेचा रंग असतो, म्हणून तेथे आपल्या मातीतला शब्द हवा. जागेला अचूकपणा हवा, म्हणून तेथे सर्वांना ठाऊक असलेले चिन्ह पुरते.

मराठी समाजाला क्षणोक्षणी खेळ सांगण्याची कला केवळ रेडिओनेच दिली, असेही नव्हे. कुस्तीच्या फडात हलगीच्या कडकडाटावर मल्लांची नावे, तालमी, वस्ताद आणि ढाक, घिस्सा, एकलंगी, कलाजंग हे डाव उच्चारणारा निवेदक आजही मैदान बांधून ठेवतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानासारख्या ठिकाणी जमलेल्या प्रेक्षकांना कुस्ती दिसत असते. तरीही निवेदनावाचून ती अपुरी वाटते. १९६० व १९७० च्या दशकांत क्रिकेटच्या मैदानावर बसलेले कित्येक प्रेक्षक कानाशी ट्रान्झिस्टर लावून बसत, त्याचे कारणही हेच आहे. डोळ्यांना घटना दिसते, तिचा अर्थ कानावाटे येतो.

कालाचे व्याकरण

समालोचनाचा खरा कस काळाच्या हाताळणीत लागतो. नमुन्यादाखल पुढील रचना पाहता येईल : 'गोलंदाज धावत येतो आहे. आखूड टप्प्याचा चेंडू, ऑफ यष्टीच्या बाहेर. फलंदाज मागच्या पायावर. जोरदार कट! पॉइंटच्या डावीकडून, क्षेत्ररक्षक धावतोय, धावतोय... नाही पोचत. चौकार. दोन बाद चौऱ्याऐंशी.' या काही सेकंदांच्या गद्यात अपूर्ण वर्तमानकाळाने आरंभ होतो, मग क्रियापदे गळून पडतात, नामे उरतात, पुन्हा वर्तमानकाळ येतो आणि शेवटी धावसंख्येने घटना स्थिर होते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. संपूर्ण वाक्य रचण्याचा आग्रह धरला तर क्रियापद उच्चारेपर्यंत चेंडू सीमारेषेपार गेलेला असतो. म्हणून समालोचक क्रियापद टाकून देतो आणि वाक्य उघडे ठेवतो. मराठी बोलीतील अपूर्ण वाक्यांची शक्ती येथे पणाला लागते.

त्यातही एक सूक्ष्म अंतर कायम राहते. फटका बसताच प्रेक्षकांची आरोळी ध्वनिक्षेपकातून श्रोत्यापर्यंत पोचते. शब्द क्षणभराने येतो. आरोळी झेलाची की चौकाराची, हे त्या क्षणी श्रोत्याला ठाऊक नसते. नाद आधी आणि अर्थ मागून, या फटीत श्राव्य क्रीडानुभवाचा उत्कट बिंदू आहे. दृश्य माध्यमात ही फट उरत नाही. तेथे घटना आणि तिचा अर्थ एकाच वेळी समोर येतात. श्रवणाचा आनंद हा उणिवेवर मात केल्याचा आनंद आहे, असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. त्याची उत्कंठा त्याच्या स्वतःच्या रचनेतून जन्मते.

प्रत्येक खेळाचा काळ मात्र वेगळा असतो. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंमध्ये उसंत मिळते. त्या उसंतीत हवामान, पूर्वेतिहास आणि व्यक्तिचित्रे यांना जागा होते. मूळचे कवी असलेले आणि १९४६ च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यापासून क्रिकेट समालोचन करू लागलेले जॉन आर्लट यांनी या उसंतीचे गद्यकाव्य केले. हॉकीत अशी सवड नसते. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानवर २-१ असा विजय मिळवून विश्वचषक जिंकला, तेव्हा जसदेव सिंग यांच्या हिंदी समालोचनात खेळाडूंच्या नावांची साखळी हीच वाक्यरचना झाली होती. एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे जाणारा उच्चार म्हणजेच चेंडूचा प्रवास.

विश्वासाचा प्रश्न

श्रवणाची बाजू मांडताना तिचा कमकुवत दुवा झाकून ठेवणे योग्य नव्हे. श्रोता पूर्णतः निवेदकाच्या अधीन असतो. १९३८ मध्ये इंग्लंडमधील कसोटी सामन्यांचे वर्णन ऑस्ट्रेलियातील श्रोत्यांना सिडनीच्या स्टुडिओतून ऐकविण्यात आले. तारेने येणाऱ्या त्रोटक मजकुरावरून समालोचक चेंडूमागून चेंडू रचीत. लाकडावर पेन्सिल आपटून बॅटचा आवाज काढला जाई आणि प्रेक्षकांच्या टाळ्या ध्वनिमुद्रिकेवरून वाजविल्या जात. ही योजना उघड असूनही ती श्रोत्यांना रंजक वाटली. तिने एक प्रश्न मात्र निर्माण केला. इतक्या सहजपणे मैदान बनविता येत असेल, तर श्रवणानुभवात सत्याची हमी कोणती?

या प्रश्नाचे एक उत्तर झिंबाब्वेचे समालोचक डीन डू प्लेसी यांच्या कामात सापडते. जन्मतः दृष्टिहीन असलेले डू प्लेसी यष्टीजवळील ध्वनिक्षेपकाचा आवाज लक्षपूर्वक ऐकून समालोचन करतात. गोलंदाजाच्या पावलांची लय आणि चेंडू टाकतानाचा हुंकार यांवरून तो कोण हे ते ओळखतात. चेंडू बॅटला लागला की पॅडला, हे नादावरून सांगतात. त्यांच्या उदाहरणाकडे केवळ जिद्दीची कहाणी म्हणून पाहणे हा त्यांच्या कौशल्याचा अवमेळ ठरेल. ध्वनी हा पुरावा असतो आणि प्रशिक्षित कान तो वाचू शकतो, ही ज्ञानशास्त्रीय बाब त्यातून सिद्ध होते. शब्दांना मध्येच थांबवून मैदानाचा नाद श्रोत्यापर्यंत पोचू देणारा समालोचक श्रोत्याच्या हाती पडताळणीचे साधन देतो. म्हणून चांगल्या समालोचनात मौनालाही स्थान असते.

अंधांचे क्रिकेट याच तत्त्वावर रचले गेले. १९२२ मध्ये मेलबर्न येथे दोन दृष्टिहीन कामगारांनी डब्यात खडे घालून या खेळाचा आरंभ केला. आज त्यात छर्रे भरलेला वाजणारा चेंडू आणि धातूच्या यष्ट्या वापरल्या जातात. फलंदाज तयार आहे की नाही हे गोलंदाज विचारून घेतो आणि चेंडू सोडताना 'प्ले' असा पुकारा करतो. पूर्ण दृष्टिहीन फलंदाजाच्या धावा दुप्पट मोजल्या जातात. चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी शांत राहावे, ही या खेळाची गरज आहे. एरवी गोंगाट हा प्रेक्षकाचा हक्क समजला जातो. येथे प्रेक्षकालाच ऐकायला शिकावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दृष्टिहीन महिलांची पहिली टी-ट्वेंटी विश्वचषक स्पर्धा भारताने कोलंबो येथे नेपाळला हरवून जिंकली. ज्या खेळाडूंनी कानाने खेळून विश्वचषक मिळविला, त्यांना दूरचित्रवाणीवरील एखादा सामना कितपत 'ऐकता' येतो, हा प्रश्न येथून पुढे आपोआप उपस्थित होतो.

चित्राच्या छायेतील शब्द

दूरचित्रवाणीने समालोचकाचे काम बदलले. चित्र समोर असल्यामुळे वर्णनाची जबाबदारी संपली आणि त्याची जागा विश्लेषण, आठवणी व सहसमालोचकांशी होणाऱ्या गप्पांनी घेतली. यात गैर काही नाही. दृश्याला विश्लेषणाची जोड मिळणे हा लाभच आहे. अडचण वेगळी आहे. 'वा, काय फटका आहे! हे पाहा, किती सहज!' या वाक्यात उद्गार आहे, पण दिशा नाही; फलंदाज कोण, चेंडू कोठे गेला, धावा किती, यांपैकी काहीच नाही. धावसंख्या पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेली असते, म्हणून ती उच्चारली जात नाही. दृश्याकडे बोट दाखविणारी 'हे', 'इथे', 'असा' ही दर्शक पदे वाढतात आणि पडद्याकडे न पाहणाऱ्याच्या दृष्टीने ती रिकामी ठरतात. रेडिओच्या काळात एकाच खोलीत बसलेले डोळस वडील आणि दृष्टिहीन मुलगा एकाच प्रतीचे श्रोते होते. पडदा आल्यानंतर मुलाला वडिलांकडे विचारणा करावी लागली. तंत्रज्ञान पुढे गेले, तेव्हा एका श्रोत्याची बरोबरी मागे राहिली.

२०२३ च्या आयपीएलचे समालोचन मोबाइल ॲपवर मराठीतूनही उपलब्ध झाले, ही भाषेच्या दृष्टीने स्वागतार्ह घटना होती. परंतु खेळ मराठीत 'सांगितला' जाणे आणि चित्रावर मराठीत 'बोलले' जाणे यांत फरक आहे. पहिल्यात भाषा अनुभव निर्माण करते. दुसऱ्यात ती अनुभवाची सोबत करते. प्रादेशिक भाषेला मिळालेली जागा केवळ सोबतीची असेल, तर पंडितांच्या पिढीने घडविलेली वर्णनक्षमता पुन्हा आपोआप जिवंत होणार नाही.

हा प्रश्न आता केवळ अभिरुचीचा राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय ध्वनिवर्णनासारख्या सोयींसह सुगम करण्याची अपेक्षा स्पष्टपणे मांडलेली आहे. फुटबॉलच्या क्षेत्रात २०१४ च्या ब्राझील विश्वचषकात काही मैदानांवर दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी वर्णनात्मक समालोचनाची व्यवस्था करण्यात आली होती. मैदानात येऊन, गर्दीचा भाग होऊन, कानाने सामना अनुभवण्याची ही सोय आहे. तिच्यासाठी लागणारे कौशल्य नवे नाही. वेकलम यांच्याजवळ दृष्टिहीन गृहस्थाला बसविणाऱ्या निर्मात्याने ते १९२७ मध्येच ओळखले होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. धावते समालोचन हा श्रव्य वाङ्मयाचा स्वतंत्र प्रकार असून अवकाशाची निश्चिती, क्रियापदमुक्त वाक्यरचना, नाद व अर्थ यांतील अंतर आणि मौनाचा विवेकी वापर ही त्याची लक्षणे होत. मराठीत या प्रकाराने परिभाषेची घडण केली आणि खेळ ऐकण्याची साक्षरता रुजविली. त्याची गुणवत्ता निवेदकाच्या आवाजावर किंवा आवेशावर ठरत नाही. ज्याला काहीच दिसत नाही अशा श्रोत्याला खेळ कितपत उमगला, यावर ती ठरते. दृष्टिहीन श्रोता हा या प्रकाराचा अपवादात्मक लाभार्थी नसून त्याचा आदर्श श्रोता आहे.

मराठी विभागांत प्रसारमाध्यमांची भाषा शिकविताना बातमी, जाहिरात आणि मुलाखत यांच्याबरोबर समालोचनाचाही समावेश करता येईल. त्यासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. महाविद्यालयाच्या मैदानावरील कबड्डीचा वा क्रिकेटचा सामना एका विद्यार्थ्याने सांगावा, वर्गातील दृष्टिहीन विद्यार्थ्याने तो ऐकावा आणि धावसंख्या, खेळाडूंच्या जागा व शेवटच्या चढाईचा क्रम त्याने परत सांगावा. जेथे त्याला अडखळावे लागेल, तेथे सांगणाऱ्याची भाषा कमी पडली असे समजावे. त्या परीक्षेत परीक्षकाचे आसन ऐकणाऱ्याचे असेल.